माळीण ते आमडे : नकाशातला उतार आणि नकाशाबाहेरचा

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीणचे गावठाण वरच्या डोंगरातून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याखाली गेले. १५१ मृतदेह सापडले. पावणेतीन वर्षांनी, २ एप्रिल २०१७ रोजी, वाचलेल्या कुटुंबांना आमडे येथे ६८ नवी घरे मिळाली. त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात तिथली जमीन खचू लागली.

या दोन घटनांच्या मधे दरडींच्या धोक्याचा नकाशा करण्याचे आणि जागा निवडण्याचे जे निर्णय होते, त्यांचा हा अभ्यास आहे. गावांची नावे सर्वश्रुत असल्याने ठेवली आहेत. व्यक्तींची ओळख वगळली आहे.

पार्श्वभूमी

घोड नदी भीमाशंकरच्या डोंगररांगेत उगम पावते आणि डिंभे धरणात अडते. बुब्रा ही तिची लहान उपनदी, आणि माळीण तिच्या खोऱ्यात. खडक दख्खनचा बसाल्ट. लाव्हाचे थर जवळजवळ आडवे, एकावर एक रचलेले: कठीण काळा कातळ, मग सच्छिद्र आणि लवकर झिजणारा थर, मधेच कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराची पायरी. सह्याद्रीचा डोंगर लांबून जिन्यासारखा दिसतो तो यामुळेच.

पायरीवर काय साचते, हे महत्त्वाचे. वरच्या कड्यावरून शतकानुशतके पडत आलेले दगड, मुरूम आणि चिकणमाती तिथे थांबतात. हा थर सैल आणि जाड असतो. पावसाचे पाणी त्यात सहज मुरते आणि खालच्या कातळावर अडते, म्हणून तिथे झरेही असतात. माती आणि पाणी एकत्र मिळते तिथेच वाडी वसते. त्यामुळे घाटमाथ्याजवळच्या कित्येक वाड्या जुन्या पडझडीच्या ढिगावर उभ्या आहेत. वाडीची जागा चुकीची निवडली असे म्हणणे सोपे आहे. पण शेती करायची तर दुसरी जागा क्वचितच असते.

२०१४ चा जून कोरडा गेला. देशभरात त्या महिन्यात सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांहून कमी पाऊस झाला. जुलैत पाऊस आला, लावण्या सुरू झाल्या, खाचरांत पाणी भरले. २९ जुलैला सुमारे १०८ मि.मी. पाऊस नोंदला गेला आणि दुसऱ्या दिवशीही तो थांबला नाही.

१०८ मि.मी. हा आकडा घाटात राहणाऱ्याला दचकवत नाही. असे दिवस एका हंगामात अनेकदा येतात. शिवाय पर्जन्यमापक त्या उतारावर नव्हता, आणि घाटात दोन-चार किलोमीटरवर पाऊस दुप्पट-निमपट होतो. त्यामुळे ‘अतिवृष्टीमुळे दरड कोसळली’ हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. तोच पाऊस शेजारच्या उतारांवरही पडला होता.

गाव गाडले गेल्याची पहिली खबर बाहेर नेली ती एसटीच्या चालकाने. नेहमीच्या फेरीवर आला तर समोर गावच नव्हते. इशारा देणारी व्यवस्था तोवर काय होती, याचे उत्तर यात आले.

प्रश्न काय होता

तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते. हाच उतार का तुटला? खोऱ्यात असे आणखी कोणते उतार आहेत? आणि वाचलेल्यांनी राहायचे कुठे? पहिला प्रश्न कारणांचा, दुसरा नकाशाचा, तिसरा बांधकामाचा. तिन्हींना एकच तपासणी पुरेल असे धरले गेले की गोंधळ होतो. इथे तो झाला.

कारणांची छाननी

घटनेनंतर दोन-तीन संशयित पुढे आले. एक डिंभ्याचा जलाशय. पण लोंढा सुटला गावाच्या वर, डोंगरात, जलाशय खाली. पाण्याने पायथा पोखरून उतार सोडवला म्हणावे तर तुटीची जागा जुळत नाही. दुसरी वृक्षतोड. ती मोघम आहे. कोणत्या उतारावर, कधी, किती, हे दाखवल्याशिवाय नकाशावर मांडता येत नाही.

तिसरा संशयित पडकई, आणि यावर सर्वांत जास्त वाद झाला. पडकई म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून, जमीन सपाट करून भातखाचरे काढणे. महादेव कोळी कुटुंबे हे काम पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात एकमेकांच्या मदतीने, हाताने करत आली. नंतर सरकारी योजनेतून पैसा आला आणि काही ठिकाणी यंत्रेही आली. ‘पडकईने गाव घेतले’ आणि ‘पडकई कित्येक वर्षे आहे, तेव्हा काही झाले नाही’ अशा दोन बाजू पडल्या. दोन्ही बाजू एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या कामांबद्दल बोलत होत्या.

हाताने केलेल्या कामात एका हंगामात दोन-तीन खाचरे होतात. बांध दगडाचा, त्यातून पाणी झिरपून जाते, आणि भराव बसायला पुढचा पावसाळा मिळतो. यंत्र तेच काम काही तासांत करते: वरच्या बाजूला खोल काप, खालच्या बाजूला सैल मातीचा ढीग. ओढ्याची बारीक वाट मधे आली तर ती बुजते. पाणी मग भरावातून वाट काढते.

पाण्याने किती फरक पडतो, हे साध्या हिशेबाने कळते. समजा उतार २५ अंश, सैल थर ४ मीटर जाड, मातीचा घर्षणकोन ३० अंश, चिकटपणा ५ किलोपास्कल, वजन घनमीटरला १९ किलोन्यूटन. (हे आकडे हिशेबासाठी धरले आहेत, माळीणला मोजलेले नाहीत.) थर कोरडा असताना सुरक्षा गुणांक, म्हणजे माती धरून ठेवणारे बल भागिले तिला खाली ओढणारे बल, १.४१ येतो. अर्ध्या जाडीपर्यंत पाणी चढले की १.०९. पूर्ण भरला की ०.७७. गुणांक १ च्या खाली गेला की उतार टिकत नाही. माती तीच, उतार तोच. बदलले फक्त थरातले पाणी. म्हणून कारण शोधताना ‘पाऊस किती पडला’ याच्या बरोबरीने ‘पडलेले पाणी थरात किती वेळ राहिले’ हेही विचारावे लागते. भाताच्या खाचरात मुद्दाम पाणी साठवलेले असते, याचा अर्थ इथे लागतो.

वाद मिटवण्याचा मार्ग होता. खोऱ्यातले एकाच थराचे, एकाच उतारगटाचे पट्टे घ्यायचे. यंत्राने सपाट केलेले, हाताने केलेले आणि न केलेले असे तीन भाग पाडायचे. आणि दर चौरस किलोमीटरला किती ठिकाणी उतार तुटला ते मोजायचे. एका गाडलेल्या गावावरून कारण सिद्ध होत नाही. ते त्याच पावसात न तुटलेल्या उतारांशी तुलना करून होते.

नकाशाचे पर्याय

पहिला पर्याय गुणांकन पद्धतीचा. भारतीय मानक १४४९६ (भाग २), १९९८ मध्ये ती दिली आहे. डोंगराचे एकाच दिशेचे, साधारण एकाच उताराचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे: खडकाचा प्रकार २, खडकाची रचना २, उतार २, जमिनीचा वापर २, सापेक्ष उंची १, भूजल १. बेरीज ६ च्या वर गेली की उच्च धोका, ७.५ च्या वर अतिउच्च. कागद, होकायंत्र आणि पायपीट एवढ्यावर हे होते, म्हणून ते अजूनही उपयोगी आहे.

पण सह्याद्रीत ते कुठे फसते, हे पाहण्यासारखे आहे. जमिनीच्या वापरात शेतीला सर्वांत कमी गुण मिळतात, कारण शेती सपाटीवर असते असे गृहीत धरले आहे. ओसाड उताराला सर्वांत जास्त. म्हणजे ओसाड उतारावर यंत्राने खाचरे काढली, तर या पद्धतीत तो उतार कागदावर अधिक सुरक्षित होतो! खडकाच्या रचनेचे गुणही हिमालयासारख्या तिरप्या थरांना डोळ्यांसमोर ठेवून आहेत. आमच्याकडे थर आडवे. धोका वरच्या सैल ढिगात. त्यामुळे या खोऱ्यात काम करताना रचनेच्या जागी मातीच्या थराची जाडी मोजून लिहावी लागते, आणि ‘शेती’ या रकान्याचे निदान दोन भाग करावे लागतात: नैसर्गिक सपाटीवरची आणि उतार कापून केलेली.

दुसरा पर्याय सांख्यिकी नकाशा. आधी झालेल्या दरडींची यादी करायची, आणि उतार, खडक, वापर, ओढ्यापासूनचे अंतर यांच्याशी तिचा संबंध संगणकाने काढायचा. यात खरी मेहनत यादीची आहे. घाटात जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे साध्या उपग्रहाला काही दिसत नाही. रडार प्रतिमा मिळाली तर ठीक, नाहीतर ऑक्टोबरची वाट पाहावी लागते. फार थांबूनही चालत नाही, कारण पुढच्या पावसात त्या जखमेवर गवत येते आणि ती हरवते.

यादी करताना एक चूक जवळपास सगळे करतात: पूर्ण दरड एकाच आकृतीत रेखतात. वर उतार तुटला तो भाग, मधली वाट आणि खाली माल पसरला तो भाग, हे तीन वेगळे रेखायला हवेत. नाहीतर खालच्या सपाट भागातले, संगणक नकाशाचे जे लहान तुकडे पाडतो ते चौकोनही ‘तुटलेले’ म्हणून हिशेबात जातात आणि सपाट जमीन धोकादायक असते असे संगणक शिकतो. दुसरी चूक रस्त्याची. रस्त्यावर पडलेला प्रत्येक दगड नोंदला जातो, रानात पडलेला नाही. तशी यादी वापरली की रस्त्याकडेचा पट्टा लाल होतो आणि वरच्या वाड्या हिरव्या राहतात.

तिसरा पर्याय वाडीनिहाय पाहणीचा: १:५,००० किंवा १:१०,००० प्रमाणात, प्रत्येक वाडीच्या वरचा उतार माथ्यापर्यंत चढून. महाग नाही, पण वेळखाऊ. एका भूवैज्ञानिकाला दिवसाकाठी एक, फार तर दोन वाड्या.

पहिला निर्णय : प्रमाण

देशपातळीवर दुसरा पर्याय निवडला गेला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून राष्ट्रीय प्रवणता मानचित्रण, म्हणजे कोणता उतार तुटण्याची शक्यता किती याचे नकाशे, हाती घेतले: सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर, प्रमाण १:५०,०००. एवढ्या प्रदेशासाठी हे प्रमाण रास्तच आहे, आणि पहिली चाळणी म्हणून कामही चांगले.

अडचण तो नकाशा वापरणाऱ्याच्या टेबलावर येते. १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. चाळीसेक घरांची दाट वस्ती नकाशावर दोन मिलिमीटरचा ठिपका होते. उंचीचा आधार ३० मीटरच्या चौकोनांचा असेल, तर ती वस्ती आठ-दहा चौकोनांत संपते. त्या प्रमाणाच्या स्थलवर्णन नकाशावर समोच्च रेषा २० मीटरने असतात. दोन मीटरचा काप आणि बुजलेली ओढ्याची वाट त्यात दिसणारच नाही. रंग कोणत्या डोंगराकडे आधी जायचे ते सांगतो. कोणते घर हलवायचे, ते सांगत नाही.

याहून खोल अडचण अशी की प्रवणता नकाशा उतार कुठे तुटेल ते दाखवतो. माल कुठे पोहोचेल, ते नाही. माळीणमध्ये तुटला वरचा उतार, माणसे होती खाली. खालची तुलनेने सौम्य जमीन अशा नकाशात मध्यम किंवा कमी रंगात येऊ शकते. म्हणून लाल रंगाच्या प्रत्येक तुकड्याच्या खाली वेगळा पट्टा आखावा लागतो. जपानच्या कायद्यात याचे ठोकळ नियम आहेत: ३० अंशांहून तीव्र आणि ५ मीटरहून उंच उतार असेल तर पायथ्यापासून उंचीच्या दुप्पट अंतर, कमाल ५० मीटर, आणि ओढ्यातून लोंढा येण्याची शक्यता असेल तर ओढा डोंगरातून बाहेर पडतो तिथपासून जमिनीचा उतार २ अंशांवर येईपर्यंत. बसाल्टच्या डोंगराला हे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत. पण पट्टाच न आखण्यापेक्षा ठोकळ पट्टा आखून तो पाहणीने दुरुस्त करणे बरे.

दुसरा निर्णय : नवी जागा

पुनर्वसनासाठी अनेक जागा पाहिल्या गेल्या. काही भूवैज्ञानिक तपासणीत बाद झाल्या, काहींना गावकऱ्यांची संमती नव्हती. माणसांना शेताजवळ राहायचे होते, आणि ते बरोबरच होते. वीस किलोमीटरवरचे सुरक्षित घर हे शेतकऱ्यासाठी अर्धेच घर असते. शेवटी आमडे ठरले. तपासणीचा प्रश्न होता: ‘या जागेवर वरून दरड येईल का?’ त्याचे उत्तर समाधानकारक होते.

मग जागेवर यंत्रे लागली. डोंगराळ जागेत ६८ घरे, रस्ते, गटारे, शाळा बसवायची तर वरचा भाग कापावा आणि खालचा भरावा लागतो. म्हणजे तपासलेला उतार राहिलाच नाही. त्याच्या जागी माणसाने केलेले नवे उतार आले, आणि त्यांची कसोटी कोणत्याही नकाशात नव्हती. पडकईबद्दलचा प्रश्न, काप आणि सैल भराव यांचा, तीन वर्षांनी वेगळ्या नावाने परत उभा राहिला.

परिणाम

जून २०१७ च्या पावसात रस्ते खचले, भराव वाहिला आणि बसला, गटारे मातीने भरली. घरांचे सांगाडे कोसळले नाहीत. अडचण मुख्यतः भोवतालच्या भरलेल्या जमिनीत होती. तांत्रिकदृष्ट्या हा फरक मोठा आहे. पण एकदा गाव गाडलेले पाहिलेल्या माणसाला रात्री अंगणाला भेग दिसली, तर ‘पाया शाबूत आहे’ हे ऐकून झोप लागत नाही. काही कुटुंबे घरे सोडून पुन्हा आधीच्या तात्पुरत्या शेडकडे वळली. पुढे दुरुस्त्या झाल्या.

भराव का बसतो, यात गूढ काही नाही. सैल टाकलेला मुरूम पहिल्यांदा भिजला की आकसतो. तीन मीटरचा भराव पाच टक्के जरी बसला, तरी १५ सेंटिमीटरची खाच पडते, आणि ती सगळीकडे सारखी पडत नाही: कापलेल्या बाजूला शून्य, भरलेल्या बाजूला पूर्ण. रस्ता नेमका त्या सांध्यावर तुटतो. गटार तिथे उलटे वाहू लागते, पाणी भरावात शिरते, आणि पुढचे नुकसान ते पाणी करते.

काय वेगळे करता आले असते

जागा निवडीची तपासणी एकदा न करता दोनदा करायला हवी होती: मूळ उताराची, आणि बांधकामाचा आराखडा झाल्यावर त्या आराखड्यातल्या प्रत्येक काप-भरावाची. दुसऱ्या तपासणीत अभियंता आणि भूवैज्ञानिक एकाच नकाशावर बसतात, आणि घरे कापलेल्या कठीण भागावर, बाग किंवा मैदान भरावावर, अशी अदलाबदल तेव्हाच स्वस्तात होते.

भरावाखालची मूळ जमीन उतरती असेल, तर आधी तिच्यात पायऱ्या कापाव्या लागतात. गवत आणि काळी माती काढावी लागते. नाहीतर भराव जुन्या मातीवरून घसरतो. भराव २० ते २५ सेंटिमीटरच्या थरांनी, ओलावा सांभाळून, प्रत्येक थराची घनता प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांपर्यंत नेऊन. डंपरने ओतून वरून रोलर फिरवला तर वरचा वीतभरच दबतो. वस्तीच्या वरच्या अंगाला चर, तो सिमेंटने बांधलेला आणि थेट ओढ्यापर्यंत नेलेला. अर्ध्यावर सोडलेला चर नसलेल्या चरापेक्षा वाईट, कारण तो सगळे पाणी एका जागी आणून सोडतो. संरक्षक भिंतीत पाणी निघायची भोके, आणि मागे दगडगोट्यांचा थर, नाहीतर भोके पहिल्याच वर्षी बुजतात.

आणि एक पावसाळा. भराव केल्यावर एक पावसाळा जाऊ देऊन मग रस्ते आणि गटारे पक्की केली असती, तर जूनमधले बरेचसे नुकसान मोकळ्या जागेवर झाले असते. इथे निर्णय सोपा नव्हता. लोक पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होते, आणखी एक वर्ष मागणे कुणालाच शक्य वाटले नसते. पण मग घरे देताना ‘पहिल्या पावसात भराव बसेल, या या ठिकाणी भेगा पडतील, त्या धोक्याच्या नाहीत, या ठिकाणी पडल्या तर लगेच कळवा’ असा नकाशा हाती द्यायला हवा होता.

खोऱ्याच्या पातळीवर तिसरा पर्याय, वाडीनिहाय पाहणी, मागे पडत राहिला. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी महसुली गावांची असते आणि वाड्या त्यात विरघळतात, हेही ध्यानात ठेवायला हवे: मूळ गाव पायथ्याला, वाडी कड्याखाली, आणि रकाना एकच.

वाडीची पाहणी दोनदा करावी लागते. एकदा मे अखेरीस, गवत सुकलेले असताना, कारण तेव्हा भेगा दिसतात. माथ्यापर्यंत चढून घरांच्या वर काय काय आहे ते लिहायचे: चंद्रकोरीच्या आकाराची भेग, तिची लांबी आणि रुंदी, बुंध्याशी वाकलेली झाडे, फुगलेले बांध, बुजलेल्या ओढ्याच्या वाटा, गेल्या वर्षात झालेले यंत्रकाम. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकून त्यांच्यातले अंतर टेपने मोजायचे. दुसरी पाहणी जुलैच्या मध्यावर, थर भिजल्यावर: त्याच खुंट्या, तेच अंतर, आणि झरे. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, नव्या जागी फुटले किंवा भर पावसात आटले, तर त्याच दिवशी खालची घरे रिकामी करायची. पाऊस वाडीतच मोजायचा. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा कोणताही डबा उघड्यावर ठेवला, तर त्यात साठलेली पाण्याची उंची म्हणजेच पावसाचे मिलिमीटर. रोज सकाळी साडेआठला मोजून आकडा वहीत, आणि शेजारच्या रकान्यात मागच्या तीन दिवसांची बेरीज.